आडवा शब्द सतरा: मिग्दोल

निवृत्त माणसानं काहीतरी निरुपद्रवी करावं म्हणतात. मी शब्दकोडी करू लागलो. चंद्रपूरहून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, राशिभविष्याच्या खाली आणि केसांच्या तेलाच्या जाहिरातीच्या वर, माझं कोडं असतं. त्यावर माझं नाव नसतं. गोंडपिपरीतल्या ज्यांना हे माहीत आहे ते मला रस्त्यात अडवून चुका सांगतात, आणि ज्यांना माहीत नाही ते कोडं सोडवत नाहीत.

त्याआधी एकतीस वर्षं मी इथल्याच शाळेत भूगोल शिकवला. भूगोलाच्या मास्तरला एक रोग जडतो. कोणी गावाची जागा चुकीची सांगितली की त्याच्या डोक्यात तिडीक जाते. माझी तर जास्तच जायची, कारण ज्याची जागा चुकवतात ते गाव बहुतेक वेळा आमचंच असतं. पुण्यात एका लग्नात जेवताना शेजारच्या गृहस्थांनी विचारलं होतं, "गोंडपिपरी म्हणजे ते तिकडे, गोंदियाकडे ना?" मी जिलबी ताटात ठेवून त्यांना वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता समजावून सांगितली. ते उठेपर्यंत मी गोदावरीपर्यंत पोहोचलो होतो. बायको अजूनही म्हणते, की त्या लग्नातलं तिला फक्त माझं बोलणं आठवतं.

आमचा हा 'तिकडे' फार मोठा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, सगळं त्यात मावतं. पुढाऱ्यांना मात्र आम्ही लागतो. कुठल्याही योजनेचं उद्घाटन असलं की 'चांदा ते बांदा' हे आलंच. चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर, बांदा तिकडे कोकणाच्या टोकाला. मधे महाराष्ट्र. बांद्याचे लोक काय खातात हे मला ठाऊक नाही आणि चांद्याला कधी पाऊस थांबतो हे त्यांना ठाऊक नाही, पण भाषणात आमची जोडी जुनी आहे. मला एवढंच समाधान, की म्हणताना चांदा आधी येतो.

आता कोड्याकडे वळतो. दोन श्रावणांपूर्वी एका कोड्यात माझी पंचाईत झाली. आडव्या सतरामध्ये तीन घरं, पहिल्यात 'मि', शेवटच्यात 'ल', मधलं घर मोकळं. 'मिसल' मी त्या वर्षात दोनदा वापरला होता. चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेला एक जाडजूड परदेशी शब्दकोश माझ्याकडे आहे. त्याची पानं वाळवीनं चाळलेली असली तरी उरलेलं ज्ञान भरपूर आहे. त्यात सापडलं, मिग्दोल. यहुद्यांच्या धर्मग्रंथात आलेलं प्राचीन इजिप्तचं सीमेवरचं नगर. पुढे लिहिलं होतं, की अख्खा इजिप्त म्हणायचं असलं की त्या ग्रंथात 'मिग्दोलापासून सवेनेपर्यंत' अशा अर्थानं म्हणतात.

मी खुर्चीतच उडालो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा चांदा ते बांदा! इजिप्तमधलेही कोणी दोन टोकाचे लोक असेच भाषणापुरते वापरले जात होते. मला त्या मिग्दोलवाल्यांबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. तिथंही एखादा मास्तर असणार, राजधानीच्या लग्नात जिलबी खाली ठेवणारा.

त्याच जिव्हाळ्यानं घात केला. शब्दकोशात दिशा दिलेली नव्हती. नकाशा काढून बघायला दोन मिनिटं लागली असती, पण भूगोलाचा मास्तर नकाशा बघत नाही, तो दुसऱ्यांना बघायला लावतो. मी हिशेब मांडला तो आपल्या घरचा. चांदा ते बांदा, म्हणजे आधी समुद्रापासून लांबचं टोक, मग समुद्राकडचं. इजिप्तचा समुद्र उत्तरेला. तेव्हा आधी येणारं मिग्दोल समुद्रापासून लांब, म्हणजे दक्षिणेला. मी ठसठशीत अक्षरात सूचक लिहिलं: 'यहुदी धर्मग्रंथात उल्लेखलेले, प्राचीन इजिप्तच्या दक्षिण सीमेवरील नगर.' आणि पाकीट सकाळच्या एसटीत चंद्रपूरला रवाना केलं.

दैनिकाचे कोड्याबाबतचे नियम संपादकांनी केले आहेत. उत्तर पेपरच्या मूळ कात्रणावरच हवं, मोबाइलवरून फोटो चालणार नाही, कारण मग पेपर कोण विकत घेईल? कात्रण गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोहोचायला हवं. आलेली सगळी पाकिटं शुक्रवारच्या बसनं थैलीत घालून माझ्याकडे येतात, मी तपासतो, आणि अचूक उत्तरं पाठवणाऱ्यांची नावं गावासकट पुढच्या रविवारी छापून येतात. उशिरा आलेली पाकिटं पुढच्या थैलीत येतात. ती मी शिक्का बघून न उघडताच रद्दीत टाकत असे. नियम म्हणजे नियम. एकदा पुण्याच्या एका मासिकानं माझा लेख 'मुदतीनंतर पोहोचला' म्हणून परत केला होता, तेव्हा मी आठ दिवस धुसफुसत होतो, की यांना गोंडपिपरीचं टपाल कसं चालतं ते काय कळणार! ती गोष्ट वेगळी होती, कारण तेव्हा लेख माझा होता.

त्या आठवड्यात एकही उत्तर बरोबर आलं नाही. लोकांनी मिसाल लिहिलं, मिथुल लिहिलं, वरोऱ्याच्या एका बाईंनी मिक्सल लिहिलं. रविवारी छापून आलं, 'या आठवड्यात एकही अचूक उत्तर आले नाही.' सगळा वर्ग नापास झाला की मास्तरला जो आनंद होतो, तो मला निवृत्तीनंतर पहिल्यांदा झाला.

तो आनंद घेऊन मी बसस्टँडवरच्या टपरीवर गेलो. तिथं भाऊ बसलेले होते. भाऊ आमच्या शाळेतले शिपाई. मी भूगोल शिकवला तितकीच वर्षं त्यांनी घंटा वाजवली. मुलांना माझ्या तासापेक्षा त्यांची घंटा जास्त आवडायची. शाळेतला आदल्या दिवशीचा पेपर ते घरी न्यायचे आणि त्यातलं कोडं लेकीसोबत सोडवायचे. लेक त्याच कोड्यांवर वाचायला शिकली. आता ती भामरागडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, वीसेक वर्षं झाली. भाऊंना ऐकायला कमी येतं, त्यामुळे फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवली का' आणि 'जेवलो' याच्या पुढे जात नाही. पण दोघंही माझं कोडं सोडवतात, असं भाऊंनीच मला सांगितलं होतं. भाऊंचं नाव यादीत महिन्यातून दोनदा तरी असतं. लेकीचं कधीच नसतं.

त्या दिवशी त्यांनी पेपरची घडी माझ्यासमोर ठेवली.

"सर, आता मी नाई भरत कोडं. पेपरबी बंद केला."

"काऊन भाऊ? एका मिग्दोलसाठी?"

"मिग्दोल गेला खड्ड्यात. पोरगी घरी आली का म्हंते, दर हप्त्याले पाठोते. तीन वर्षं झाले, मी यादी पाहून राह्यलो. एकदा तरी बापलेकीचं नाव एका यादीत दिसन म्हून. नाई दिसत. एक तं पोरगी खोटी बोलून राह्यली, नाई तं तुमचं कोडंच चुकीचं हाये."

मी हसून म्हटलं, "कोडं कसं चुकीचं असेल?"

"मंग पोरगी खोटी," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी कप खाली ठेवला. ऐंशी वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी त्यांच्या बायकोच्या मयतीनंतर पाहिला नव्हता. खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. भामरागड म्हटलं की पावसाळ्यात रस्ता बंद, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. पण दिव्याखाली अंधार तो हा.

पुढच्या थैलीत उशिरा आलेलं एक जाड पाकीट होतं. नेहमीप्रमाणे रद्दीत जाणार, तोच मागच्या बाजूचं वाक्य दिसलं: 'सरांसाठी, कोड्यातील चुकीबाबत.' कोडं करणारा एक वेळ पोलिसांचं पत्र उघडणार नाही, पण हे उघडतो. पाठवणाऱ्याचा पत्ता भामरागडचा होता. आत तीन आठवड्यांची तीन कात्रणं आणि एक पत्र. तिन्ही कोडी पूर्ण भरलेली. त्यातल्या एकात, आडव्या सतरामध्ये, स्वच्छ अक्षरात मिग्दोल.

"सर," तिनं लिहिलं होतं, "उत्तर मिग्दोलच येतं, पण मिग्दोल दक्षिणेला नाही. उत्तरेला आहे, समुद्राजवळ. दक्षिणेच्या सीमेवर सवेने होतं, आजचं आस्वान. माझ्यासोबत आठ वर्षं केरळच्या एक सिस्टर राहायच्या, बदली झाली तेव्हा त्यांचा धर्मग्रंथ मला देऊन गेल्या, यहुद्यांचा ग्रंथ त्यातच येतो. त्याच्या शेवटी नकाशे आहेत. इथे पावसाळ्यात लाइट गेली की मी नकाशेच बघत बसते, तुम्हीच लावलेली सवय. दोन्ही गावं टोकाची आहेत हे खरं. पण सर, टोकं दोन असतात."

आस्वान! आस्वानचं धरण मी एकतीस वर्षं शिकवलं. नाईलवर कुठं, कशासाठी, फायदे सांगा, तोटे सांगा. ते गाव मी स्वतःच्या हातानं समुद्रात नेऊन टाकलं होतं. चांदा गोव्याच्या वेशीवर असल्याचं कोणी छापलं असतं, तर मी त्याच्या घरापर्यंत गेलो असतो.

पत्राचा शेवट असा होता: "रविवारचा पेपर इथे बुधवारी येतो. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी असलं की दोन-तीन रविवारचे एकदम येतात. माझी पाकिटं मुदतीत पोहोचत नसणार हे मला माहीत आहे. यादीत नाव नको. पण बाबा यादी बघतात, माझं सांगणं त्यांना पटत नाही. त्यांना एवढंच सांगाल का, की मी पाठवते?"

किती साधं काम. भाऊंचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. जायचं, पत्र दाखवायचं, चहा प्यायचा. पण पत्र दाखवायचं म्हणजे दक्षिण आणि उत्तरही दाखवायची. ज्या माणसानं माझ्या प्रत्येक तासाची घंटा वाजवली, त्याला सांगायचं, की तुझ्या लेकीनं मास्तरला नापास केलं. मी पत्र कपाटात ठेवलं. स्वतःला म्हटलं, उशिरा आलेलं आहे, नियमानं ते आलेलंच नाही.

नऊ दिवस ते कपाटात होतं. भाऊ टपरीवर यायचे बंद झाले. त्यांची रिकामी जागा बघून मी टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "भाऊ म्हंतेत, पेपर नाई तं चहा कशाले?" मला स्वतःची लाज वाटली. ही लाज मिग्दोलची नव्हती. तीन वर्षं मी त्या पोरीची पाकिटं न उघडता रद्दीत टाकली, आणि इकडे तिचा बाप तिला खोटारडी समजत राहिला. पुण्याच्या त्या गृहस्थानं निदान तोंडावर विचारलं तरी होतं.

दहाव्या दिवशी सकाळी मी पत्र घेऊन गेलो. भाऊ बाजेवर बसून विळ्याला धार लावत होते. मी मोठ्यानं, शेजारपाजारच्यांनाही ऐकू जाईल असं, सगळं वाचून दाखवलं. दक्षिण, उत्तर, आस्वान, सगळं. रद्दीचंही सांगितलं. इजिप्तमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांनी तीन कात्रणं मागून घेतली आणि एकेका घरावरून बोट फिरवलं.

"म्हंजे भरते ते," ते म्हणाले. "अक्षर तिचंच हाये. 'ल' अजून असाच काढते, शेपूट सोडून." मग त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "सर, तुम्ही लई मोठे गाढव हा."

एकतीस वर्षांत शिपायानं मास्तरला असं म्हटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

आता यादी उरली होती. कोड्यांच्या धंद्यात एक रीत आहे. सूचकच चुकीचं निघालं, तर तो शब्द बाद करायचा आणि बाकीची घरं बरोबर असणाऱ्यांना अचूक धरायचं. भाऊंनी त्या कोड्यात सतरा सोडून सगळं बरोबर भरलं होतं. म्हणजे मी चूक कबूल केली तर बापाचं नाव यादीत येत होतं, आणि मुदत सोडली तर लेकीचं. मी संपादकांना फोन केला. संपादक माझ्या मुलाच्या वयाचे, कामात बुडालेले.

"सर, सोडा हो," ते म्हणाले. "दक्षिण काय नि उत्तर काय, तिकडे कोण बघायला जाऊन राह्यलंय?"

तो 'तिकडे' ऐकला आणि माझ्या डोक्यात जुनी तिडीक गेली. मी म्हटलं, शुद्धिपत्र छापणार नसाल तर पुढचं कोडंही छापू नका. त्यांना माझ्या भूगोलाची पर्वा नव्हती, पण राशिभविष्य आणि केसांच्या तेलाच्या मधे पडणाऱ्या भोकाची होती. ते कबूल झाले.

रविवारी मी पहिल्या बसचा पेपर घेतला. शुद्धिपत्र होतं, अगदी बारीक टायपात: 'मिग्दोल उत्तर सीमेवर आहे. चूक कोडेकाराची.' खाली सुधारलेली यादी, त्यात सहा नावं. चौथं भाऊंचं, गोंडपिपरी. पाचवं लेकीचं, आणि त्यापुढे कंसात: भामरागड, जि. चंद्रपूर.

मी तिथंच स्टँडवर पेपर आपटला. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चाळीस वर्षं झाली आणि आमच्याच चंद्रपूरच्या पेपराला ते कळू नये! रागानं फणफणत भाऊंकडे पोहोचलो. त्यांनी चष्मा लावून यादी तीनदा वाचली, आणि मग त्यांना इतकं हसू आलं, की ठसका लागला.

"राहू द्या ना, सर. पोरीनं बदलीचे किती अर्ज केले. या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात होत नाई म्हंत होते. पेपरानं एका रविवारी करून टाकली."

मलाही हसावं लागलं. हसू ओसरल्यावर ते आत गेले आणि लोखंडी पेटीतून एक जुना, घड्या पडलेला कागद घेऊन आले. बाजेवर मांडी घालून बसले आणि तो मांडीवर पसरला. सातवीच्या वहीतला महाराष्ट्राचा नकाशा, हातानं काढलेला. पानाच्या मधोमध मोठ्ठा ठिपका, 'गोंडपिपरी'. मुंबई, पुणे डाव्या कडेला चिरडलेली. आणि संपूर्ण नकाशावर तिरकी लाल रेघ, खाली माझी सही. शेरा होता: 'प्रमाण चुकले.'

"हे का ठेवलं?" मी विचारलं.

"तिनं काढला होता म्हून. तुमची रेघ कोण पाहाते?" ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा सारखा केला. "याच्यात भामरागड कुठी येते, दाखवा बरं."

मी बोट गोंडपिपरीवर ठेवलं आणि पूर्वेला सरकवत नेलं. आधी वैनगंगा, मग आलापल्लीचं जंगल. मधला ठिपका तिनं इतका मोठा काढला होता, की पुढे जागाच उरली नव्हती. कागद संपला, तरी भामरागड आलं नव्हतं. प्रमाण धरून मी बोट तसंच पुढे नेलं आणि थांबवलं. ते भाऊंच्या उजव्या गुडघ्यावर आलं होतं.

"इथी?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "इथी."

मी बोट उचललं. त्यांनी गुडघ्यावर त्याच जागी आपला तळहात ठेवला, आणि चहा येऊन निवला तरी तो काढला नाही.